कूस बदलायला माणूस लागतं

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात म्हातारपणाच्या पेन्शनला कुणी पेन्शन म्हणत नाही, ‘पगार’ म्हणतात. ‘पगार जमा झाला काय गं?’, ‘तिचा पगार बंद पडलाय’, ‘पगाराचं काम तहसीलला कुणाकडं असतंय?’ जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर भांगलण केलेल्या, म्हशींची शेणघाण काढलेल्या बाईच्या नावावर आयुष्यातला पहिला पगार जमा होतो तो पासष्टी ओलांडल्यावर. मला हा शब्द मनापासून आवडतो. त्यात उपकाराची भावना नाही. राबलो, आता हक्काचं मिळतंय, एवढाच त्याचा अर्थ.

सरकारी कागदावर मात्र तो पगार नाही, ते ‘अर्थसहाय्य’ आहे. आणि ते मिळवायचं असेल तर आपण राबलो हे सांगून भागत नाही. आपण कंगाल आहोत हे सिद्ध करावं लागतं.

आधी रक्कम बघा. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्र सरकार माणशी महिन्याला २०० रुपये देतं. ऐंशी वर्षं पूर्ण झाली की ५००. हे २०० रुपये २००७ साली होते, आजही तेवढेच आहेत. वरची भर राज्य सरकार श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून घालतं आणि जुलै २०२३ पासून हातात पडतात एकूण १,५०० रुपये. त्याआधी हजार होते. तिकडं आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून ४,००० रुपये मिळतात आणि महिन्याच्या सुरुवातीला माणूस घरी येऊन ते देऊन जातो. महाराष्ट्र आंध्रपेक्षा गरीब आहे, असं म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही.

आता अट बघा. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असलं पाहिजे. म्हणजे महिन्याला १,७५०. दिवसाला ५८ रुपयांच्या आत, आणि तेही एकट्या म्हातारीचं नव्हे, साऱ्या घराचं. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. तेव्हा सरकारनंच हमी दिलेले शंभर दिवस घरातल्या एकानं भरले, तर २९,७०० होतात आणि घर पेन्शनच्या बाहेर जातं. आमच्याकडं तर रोजगार हमीपर्यंतही जायला नको. रोज दोन लिटर म्हशीचं दूध डेअरीला घातलं आणि लिटरला पन्नास रुपये धरले, तरी वर्षाचे साडेछत्तीस हजार होतात. पेंड, वैरण, डॉक्टर यांचा खर्च कोण मोजतो? ज्या घरात म्हैस आहे, ते घर या अटीप्रमाणं सधन.

मग आज ज्यांना पगार मिळतोय, त्यांना तो कसा मिळतो? उत्पन्नाचा दाखला खोटा असतो म्हणून. हे गावाला माहीत आहे, तलाठ्याला माहीत आहे, तहसीलमध्ये फायली उचलणाऱ्या शिपायालाही माहीत आहे. दाखल्यावर विसाच्या आसपास काहीतरी हजार लिहिलेले असतात आणि खाली सही असते. मी कुणाला दोष देत नाही. खरा आकडा लिहिला तर जिल्ह्यातले निम्मे म्हातारे उद्या योजनेबाहेर पडतील, हे ओळखून माणुसकीनं सही करणारे तलाठी मी पाहिलेत. पण ज्या व्यवस्थेत गरजवंताला हक्काचं मिळवण्यासाठी पहिल्याच पायरीवर खोटं बोलायला लागतं, ती व्यवस्था त्याची मान खाली घालूनच त्याला आत घेते. शिवाय दाखला खोटा आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळं तो कुणाला द्यायचा आणि कुणाचा अडवायचा, ही सत्ता गावातल्या चार माणसांच्या हातात जाते. निवडणुकीच्या वर्षी तिचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

दुसरी युक्ती रेशनकार्डाची. आमच्या शेजारचे तात्या मुलाच्या घरात राहतात, मुलाच्या चुलीवरचं जेवतात. पण पगारासाठी त्यांचं रेशनकार्ड वेगळं काढलंय. कागदावर तात्या आणि त्यांची बायको दोघंच आहेत. ज्या योजनेला आंधळ्या आईबापांना कावडीतून नेणाऱ्या श्रावणबाळाचं नाव दिलंय, तिच्यासाठी श्रावणबाळ कागदावर तरी घरात नसावा लागतो.

यातलं सगळ्यात मोठं अंतर बायकांच्या वाट्याला आलंय. लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे आणि तिथं कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. रक्कम तीच, १,५०० रुपये. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी एखादी बाई अडीच लाखांच्या अटीत बसून दर महिन्याला पैसे घेते. पासष्टी उलटली की तिचं नाव उडतं. आता तिनं श्रावणबाळच्या दारात जायचं, तर तिथं अट २१,००० ची. घर तेच, शेत तेच, मुलगा-सून तीच. गुडघे आणखी दुखायला लागलेत, शुगरच्या गोळ्या सुरू झाल्यात, कामाला कुणी बोलवत नाही. नेमक्या त्या वर्षी सरकार तिला सांगतं की तू आता गरजू राहिली नाहीस. ही विसंगती कुणी मुद्दाम केली असेल असं मला वाटत नाही. दोन योजना दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या खात्यांत झाल्या आणि मधल्या फटीत म्हातारी पडली. पण फट दिसल्यावर ती बुजवायला किती दिवस लागतात? एक शासन निर्णय काढायला?

उत्पन्नाची ही अट काढून टाकावी. सरकारी निवृत्तिवेतन घेणारे आणि आयकर भरणारे वगळावेत, बाकी पासष्टीवरच्या प्रत्येकाला पेन्शन द्यावी. आणि सरकारी नोकरांचा महागाई भत्ता जसा वर्षातून दोनदा बदलतो, तशी ही रक्कमही महागाईला बांधावी. केंद्रानं आपले २०० रुपये बदलावेत, इतकंही मागायला लागावं याचं मला दुःख होतं.

इथवरचं बोलणं पैशाचं झालं. पण समजा, उद्या आमच्या गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला चार हजार मिळाले, तरी माझ्या घरात जे घडलं ते टळलं नसतं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो, परड्यात शेणी गोळा करताना पडल्या आणि खुबा मोडला. कोल्हापूरला नेलं, ऑपरेशन झालं. खर्च सरकारी योजनेत बसला आणि त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. अकराव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ होती: ‘दर दोन तासांनी कूस बदलणे.’ कूस कशी बदलायची, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. मी काखेत हात घालून त्यांना वर ओढायची. त्या कण्हायच्या, मी म्हणायची, ‘आत्ती, जरा सोसा.’ सतराव्या दिवशी माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. त्यानंतर चौथ्या दिवशी कातडी सुटली. पंधरवड्यात तिथं लिंबाएवढा खड्डा होता आणि घरभर वास.

गावात एक सेवानिवृत्त नर्सबाई राहतात. त्या कुणाच्या तरी तोंडून ऐकून आपणहून आल्या. जखम धुतली आणि मग मला म्हणाल्या, ‘तू ओढतीस. ओढू नको. ओढल्यानं कातडी घासती.’ त्यांनी दाखवलं. ज्या कुशीवर वळवायचं, त्या बाजूला आपण उभं राहायचं. पलीकडचा हात छातीवर आडवा घ्यायचा, पलीकडचा गुडघा दुमडायचा. मग एक हात खांद्याला, एक हात कमरेला, आणि आपल्याकडं हळूच वळवायचं. आत्तींचं ऑपरेशन झालेलं, म्हणून वळवायच्या आधी दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी घालायची आणि ऑपरेशनचा पाय कधी खाली दबू द्यायचा नाही. पाठीला टेकण म्हणून गोधडीची वळकटी. पोटऱ्यांखाली जुन्या लुगड्याची घडी, म्हणजे टाचा अंथरुणाला टेकत नाहीत. वर सरकवायचं असेल तर अंगाखाली आडवी दुमडलेली चादर घालून दोघींनी दोन्हीकडून उचलायची. हे सगळं शिकायला मला वीस मिनिटं लागली. ती जखम भरायला चार महिने लागले.

ती वीस मिनिटं मला ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात मिळाली असती, तर आत्तींनी ते चार महिने सोसले नसते. आणि ती मिळाली तीसुद्धा सरकारमुळं नव्हे, एक नर्सबाई निवृत्त होऊन आमच्याच गावात राहायला आल्या म्हणून. पलीकडच्या वाडीत अशी कुणी नाही. तिथं काय होत असेल, याचा विचार मी पुढची दोन वर्षं आत्तींची कूस बदलताना रोज करत होते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की वृद्धांसाठीचा सरकारी पैसा आज चुकीच्या टोकाला थांबतो. तो खात्यात जातो, दवाखान्यात जातो, वस्तूंवर जातो. घरात राबणाऱ्या हातांवर एक रुपया खर्च होत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कमरेचा पट्टा घ्यायला एकदाच ३,००० रुपये मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत झाले, ही मोठीच गोष्ट झाली. पण ते कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं. ॲम्ब्युलन्सनं माणूस परत उंबऱ्याशी आणून सोडला की पुढची सगळी वर्षं घरच्यांची, आणि घरचे म्हणजे बहुतेक वेळा सून. मी शाळेत शिकवते. त्या काळात मी साडेपाच महिने बिनपगारी रजा काढली. माझ्यापाशी काढायला रजा तरी होती. भांगलणीला जाणाऱ्या बाईनं कामावर न जाणं म्हणजे त्या दिवशीची तीनशे रुपयांची भाकरी सोडणं. ती कामावर जाते, म्हातारीच्या उशाशी तांब्या ठेवून. म्हातारी दिवसभर कमी पाणी पिते, कारण लघवीला न्यायला कुणी नाही. मग संध्याकाळी ताप भरतो.

‘आईबापांना मुलांनी सांभाळायचं, यात सरकार कशाला?’ हा प्रश्न मला गावातही विचारतात आणि कोल्हापुरात शिकल्या-सवरलेल्या घरांतही. त्यामागची भावना खोटी नाही. पण आमच्या तालुक्यांतली घरं बघा. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड इथली माणसं तीन पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली. १९८२ च्या संपानंतर परतली. त्यातले जे अजून हयात आहेत ते बहुतेक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची मुलं पुण्याला, चाकणला, गोव्याला गेली, आणि ती परतणार नाहीत. साखर कारखान्यातून, सूतगिरणीतून निवृत्त झालेल्यांना भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन असते, पण तिची किमान रक्कम २०१४ पासून १,००० रुपये आहे. जी मुलं गावात राहिलीत, ती स्वतःच पन्नाशी-साठीत आहेत. आमचे तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मुलगा-सून दिवसभर शेतात आणि कामावर, म्हणून बायकोचं ते स्वतः बघतात. पहाटे म्हशीची धार काढून डेअरीला दूध घालतात, परत येऊन गरम पाण्यानं बायकोचं अंग पुसतात. एकदा मी त्यांना विचारलं, ‘तात्या, उचलायला जमतंय व्हय?’ म्हणाले, ‘जमंतोवर जमंल. माझं काय झालं तर तिला पाणी कोण पाजायचं, एवढंच वाटतंय बघ पोरी.’

कायदा आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा. मुलगा सांभाळत नसेल तर प्रांताकडं अर्ज करायचा, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. ज्यांना घरातून हाकललंय, ज्यांची जमीन लिहून घेतलीय, त्यांच्यासाठी तो हवाच. पण आमच्या गावातले बहुतेक म्हातारे हाकललेले नाहीत. त्यांच्यावर घरच्यांची माया आहे, फक्त घरच्यांना वेळ नाही आणि कसं करायचं ते माहीत नाही. त्यांनी प्रांताकडं जाऊन कुणाविरुद्ध तक्रार करायची? त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी निदान १५० जागांचा एक वृद्धाश्रम सरकारनं काढावा, असं म्हटलंय. जिल्ह्यात बारा तालुके, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार. दीडशे जागा कुणाला पुरणार? आणि चंदगडच्या म्हातारीनं शंभराहून जास्त किलोमीटरवर, जिथं तिची बोली बोलणारं कुणी नाही अशा खोलीत मरायला का जायचं? आत्तींना शेवटच्या महिन्यांत माणसं ओळखू येत नव्हती, पण संध्याकाळी म्हैस हंबरली की त्या मान वळवायच्या.

कागदावर आरोग्य खात्यातही तरतूद आहे. २०१० पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी भेट असं सगळं लिहिलेलं आहे. घरी भेट कुणी द्यायची? उपकेंद्रातल्या सिस्टरनं, जिच्याकडं लसीकरण, बाळंतपणं आणि ऑनलाइन नोंदी आधीच आहेत. आमच्या दोन गल्ल्यांत चार माणसं अंथरुणाला आहेत. घरभेटीला आलेलं कुणी त्या चौघांनाही आठवत नाही. पंचाहत्तरीनंतर एसटी मोफत आहे, हे फार चांगलं झालं, पण ज्याला एसटीची पहिली पायरी चढता येत नाही त्याच्यासाठी ना एसटी, ना वडापची जीप, ना आरोग्य केंद्र.

मग हवं काय? दर ग्रामपंचायतीला दोन वृद्धसेविका. गावातल्याच, निदान दहावी झालेल्या, तीन-चार महिने दवाखान्यात रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या, आणि पूर्णवेळ पगारावर नेमलेल्या. मुद्दाम पगार म्हणते, मानधन नव्हे. अंगणवाडी सेविकांनी आणि आशांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून जे मागितलं, ते या नव्या बायकांना पहिल्याच दिवशी मिळालं पाहिजे. आणि हे काम आशांच्याच डोक्यावर आणखी एक फॉर्म म्हणून टाकू नये. सेविकांनी सकाळी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचं. कूस बदलायची, जखम बघायची, शुगर-बीपी मोजायचं, घरच्यांना शिकवायचं, गरज पडली तर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावायचा. दुपारी चालत्या-फिरत्या म्हाताऱ्यांसाठी एक खोली उघडी ठेवायची, जिथं एक वेळचं गरम जेवण मिळेल आणि चार माणसं भेटतील. डोंगरी वाड्यांत पट कमी झालेल्या प्राथमिक शाळांच्या खोल्या रिकाम्या आहेत. त्या वापरा. हयातीचा दाखलाही याच बाईंनी घरी येऊन द्यावा. बँकेत मशीनवर झिजलेला अंगठा उठत नाही, म्हणून आत्तींच्या चुलतजावेला तीन हेलपाटे घालायला लागलेले मी पाहिलेत. चौथ्या वेळी तिनं बोटाला राख लावली, खोबरेल लावलं, आणि मशीनपुढं हात जोडले.

मुलांच्या बाबतीत आपण हे करून दाखवलंय. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज अंगणवाडी नसलेलं गाव सांगता येणार नाही. तेव्हाही ‘मुलं सांभाळायला आया आहेत की’ असं म्हणता आलं असतं. केरळनं २००८ साली पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या दुखण्यात माणसाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण केलं, आणि तिथं पंचायतीनं नेमलेली नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते. तिथल्या पंचायती आमच्या पंचायतींपेक्षा काही वेगळ्या मातीच्या नाहीत. आमच्याकडं तर सहकारानं गावोगावी रोज दोनदा पोचायची सवयच लावलीय. १९६३ पासून गोकुळ या जिल्हा दूध संघाचं दूध संकलन चालतं. धो धो पाऊस असो, घाट बंद असो, सकाळ-संध्याकाळ डेअरी उघडते, फॅट लागते, दर दहा दिवसांनी बिल निघतं. म्हशीच्या दुधासाठी जिल्ह्याला हे जमतं, तर म्हशीची धार काढून थकलेल्या माणसासाठी का जमू नये?

अशा सेविकांपाशी प्रत्येक गावाची एक वही असेल, की कोण उठू शकत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाच्या घरात रात्री दुसरं कुणी नसतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ-करवीरमध्ये बोटी घरोघर फिरत होत्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की ४३ फुटांची धोका पातळी गाठायच्या आधी कुणाला उचलायचं, हे त्या वहीतून कळेल.

खर्चाचा हिशेब मी मांडते. जिल्ह्यात ग्रामपंचायती हजाराच्या आसपास. दोन सेविका, प्रत्येकी महिना १५,००० रुपये. पंचायतीला वर्षाला ३ लाख ६० हजार. जिल्ह्याला सुमारे ३६ कोटी. औषधं, पट्ट्या, जेवण धरून पन्नास कोटी म्हणा. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा जाहीर झालेला खर्च ८६,३०० कोटी आणि लांबी सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला शंभर कोटींच्या पुढं. आमच्या जिल्ह्यातले शेतकरी तो नको म्हणून रस्त्यावर उतरले. त्याच्या अर्ध्या किलोमीटरच्या पैशात कोल्हापूर जिल्ह्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची वर्षभर घरात सेवा होते. मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत एका ज्येष्ठाला ३०,००० रुपयांपर्यंत मिळतात. मला त्या यात्रेचा राग नाही. आत्तींना काशी बघायची फार इच्छा होती आणि कुणी नेलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. पण बारा हजार माणसांच्या यात्रेचा पैसा म्हणजे ३६ कोटीच होतात, आणि ज्यांना यात्रेला जाताच येत नाही त्यांच्यासाठी तेवढाच पैसा बाजूला काढा, एवढं मागणं गैर कसं?

कोल्हापूरला हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण हे गाव बोर्डिंगांचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शाहू महाराजांनी एकामागून एक जातींची वसतिगृहं उभी करायला जागा दिल्या, अनुदानं दिली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. खेड्यातलं पोर शिकायचं असेल तर त्याच्या राहण्या-जेवणाची सोय ही राज्याची जबाबदारी, असं त्यांनी मानलं. बापानं बघावं, म्हणून सोडून दिलं नाही. त्या बोर्डिंगांत शिकलेल्यांच्या पुढच्या पिढ्या आज शहरांत आहेत आणि त्यांचे आईबाप मागं खेड्यांत आहेत. दोन्ही टोकांना राज्यानं उभं राहायला हवं.

गेल्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडला. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी वाचली, नावं नाही, नुसत्या गल्ल्या आणि वयं. वाचताना लोक बोटांवर मोजत होते, कारण प्रत्येकाला माहीत होतं कोण ते. ग्रामसेवक भला माणूस आहे. त्यानं हिशेबाची वही काढली आणि मला दाखवली. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले. ‘बाई, ठराव मी लिहितो,’ तो म्हणाला, ‘पण वृद्धांचं हेडच नाही. खर्च कशाखाली टाकू?’

ठराव त्यानं लिहिला. त्यावर तात्यांचा अंगठा आहे, माझी सही आहे आणि आणखी एकशे बारा जणांच्या सह्या आहेत. त्याच्या प्रती पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला गेल्यात. १ मेच्या ग्रामसभेत तो पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी शेजारच्या सहा गावांतही तो त्याच दिवशी मांडला जाईल. मागणी एकच ओळीची आहे: जिल्हा परिषदेनं येत्या अंदाजपत्रकात वृद्धसेविकांसाठी स्वतंत्र हेड उघडावं आणि राज्यानं त्यात पैसे घालावेत.